शांतीचा दूध-भात

आमच्या घरातलं मांजर शुद्ध शाकाहारी होतं, असं मी सहा महिने सोलापूरभर सांगत होतो.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. शेतात पेरायच्या ज्वारीची चार पोती अव्वानं (म्हणजे माझ्या आईनं) मागच्या खोलीत जिवापाड जपून ठेवली होती. त्यातल्या एकाला घुशींनी भोक पाडलं. बियाणं गेलं तर पेरणी गेली! पण आमच्या घरात मुंगीसुद्धा मारायची बंदी. पिंजऱ्यात सापडलेली घूस अव्वा स्वतः गल्लीच्या टोकाला सोडून यायची, आणि घूस तिच्या आधी घरी हजर!

मी तेव्हा प्राणिशास्त्रात नुकताच बी.एस्सी. झालो होतो. शेतावर कडब्याच्या गंजीखाली मांजराचं पिल्लू सापडलं, ते पिशवीत घालून निघालो. टेम्पोवाल्या हुसेनचाचांनी आत डोकावून सांगितलं, "बेटा, ये घर की बिल्ली नै. कानां देख इसके!"

"चाचा, मी शिकलोय हे सगळं!"

अव्वानं दारातच अडवलं. "मांजर म्हंजे उंदीर खाणार. आपल्यात न्हाय चालायचं."

"खाणार नाही! दूध-भातावर वाढवतो. नुसत्या वासानं घुशी पळतात."

"आन् खाल्लं तर?"

"तर तिला घेऊन मी घर सोडतो!" (जोशात माणूस काहीही बोलतो.)

नाव ठेवलं शांती. बघता बघता ती माझ्या गुडघ्याशी आली. अंगावरचे पट्टे विरले, पाय लांबलचक झाले, शेपूट मात्र आखूड, टोकाला काळी कडी. भर दुपारी हौदात उतरून पोहायची! "दुधाचा गुण," मी म्हणायचो. वाटी रोज लख्ख, घुशी गायब. संस्कारांनी मांजर कसं सुधारतं, यावर मी गल्लीत व्याख्यानं द्यायला लागलो.

पेरणीचा दिवस उजाडला. हुसेनचाचा टेम्पो घेऊन आले. मी पहिलं पोतं ओढलं आणि एक धिप्पाड घूस थेट माझ्या पायावर!

"अव्वाऽऽ!" मी पोत्यांच्या थप्पीवर चढलो. शांतीनं मात्र जागेवरून झेप घेतली, घूस मानेला धरली आणि नेऊन पूजेला बसलेल्या अव्वासमोर ठेवली. थप्पीमागं बघतो तर शेपट्यांचा ढीग! अंगणात शेजारचा बोका निवांतपणे शांतीची वाटी चाटत होता.

"ये तो रानमांजर है, मियाँ," चाचा हळूच म्हणाले.

"अव्वा, मी कपडे भरतो," मी थप्पीवरूनच म्हणालो.

अव्वा उठली. चारी पोती चाचपली. जुन्या भोकाशिवाय एक दोरासुद्धा उसवलेला नव्हता. तिचे डोळेच भरून आले!

"महादेवाच्या घरात नाग हाय, उंदीर हाय, मोर हाय. त्यानं कुणाला उपास धरायला लावलाय व्हय? रानातलं लेकरू त्ये, आन् तू त्याला भात चारतोस! चूक तिची न्हाय, तुजी हाय."

टेम्पो वाजतगाजत निघाला. वर पोती, पोत्यांवर शांती, महाराणीसारखी! शेतात उतरताच ती ओढ्याच्या लव्हाळ्यात शिरली ती तिथलीच झाली. पेरणी वेळेवर झाली आणि कणसं अशी भरली की बघत राहावं!

अव्वा शब्दाची पक्की. मी जोशात बोलल्याप्रमाणे मला घर सोडावं लागलं, मुक्काम शेतावरच्या खोपीत. कुणी विचारलं, "औंदा राखणीला कोण हाय?" की ती कौतुकानं सांगायची,

"शांती हाय की! आन् तिला सोबत म्हणून आमचा थोरला ठेवलाय."