काका-काकूंची यांगत्झे

लंडनच्या पिनर उपनगरात राहून चीनच्या नद्यांवरून भांडत संसार केलेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच, आणि तो आमच्या शेजारी राहतो. काकांची सगळी नोकरी लंडनमध्ये जहाजांच्या विम्यात गेली. तिथल्या जुन्या कागदांतून त्यांना जे वेड लागलं ते कायमचं. शे-दीडशे वर्षांपूर्वी परदेशी जहाजं यांगत्झे नदीत शिरत, तेव्हा त्यांच्याकडून जकात घ्यायचा अधिकार नेमका कोणाचा? काकांचा निकाल ठरलेला. "लुक, बंदरात एकदा ड्यूटी पे केली की मॅटर क्लोज्ड. पुढे नदीत कुठल्याही लोकल ऑफिसरने बोट अडवायची नाही." कचरा न्यायला येणारी कौन्सिलची माणसंसुद्धा यातून सुटली नाहीत.

काकू हॉस्पिटलमध्ये सिस्टर होत्या आणि घरात चीनच्या बाजूने होत्या. "अहो, नदी त्यांची, काठ त्यांचा, आणि जकात बंदरात बसलेल्या गोऱ्या साहेबाने मोजायची? व्हाय?" एका गणपतीत मंडळाने काकांना निवृत्तीनंतरच्या आरोग्यावर थोडं बोलायला सांगितलं. ब्लडप्रेशरवरून काका जे निघाले ते थेट यांगत्झेत. मागून काकू मोदकांचं ताट घेऊन उठल्या आणि तिथेच हरकत घेतली. आरती खोळंबली. पुण्याहून नुकतीच आलेली आयटीतली मुलं हे बसवलेलं नाटक समजून मनापासून टाळ्या वाजवत होती. घरी तर पाहुण्याच्या पिशवीतला बाकरवडीचा पुडा काका दारातच जकात म्हणून काढून घेत, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काकू त्यातला अर्धा पुन्हा जप्त करत. काकांचा सिद्धांत रोज त्यांच्याच घरात बुडायचा.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या आणि काका बोलायचेच थांबले. लेस्टरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. जन्मापासून इथलीच ती. "दादा, बाबा कोणाशी बोलतच नाही. आय ॲम रिअली स्केअर्ड. तू प्लीज बघ ना." मी बाकरवडी घेऊन गेलो, तर काकांनी पुड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना खुलवायचं म्हणून मी त्यांचाच लाडका निकाल काढला. "काका, तुमचंच खरं. बंदरात एकदा जकात भरली की पुढे कोणी अडवायचं नाही."

काका ताठ बसले. "कोण म्हणतं? नदी कोणाची आहे?"

आणि ते काकूंच्या बाजूने भांडायला लागले. काकूंचेच मुद्दे, त्यांच्याच क्रमाने, टेबलावर बोट आपटत. मला बिचाऱ्याला काकांची बाजू लढवावी लागली आणि मी सपाटून हरलो. इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकून मला फार बरं वाटलं, आणि रडूही आलं.

काका मला दारापर्यंत सोडायला आले. "उद्या ये," ते म्हणाले. "तिचा अजून एक पॉइंट राहिलाय. ती सांगत होती तेव्हा मी मधेच बोललो होतो."