सरकी आणि काळ्या मातीचं घमेलं

पोतं हललं आणि माझ्या टेबलावरचा चहा सांडला.

युरियाचं रिकामं पोतं होतं. तोंड सुतळीनं बांधलेलं, पण पुरतं नाही. एका तरुण बाईनं दोन बोटं आत घालून ते उघडं धरलं होतं, आतल्या जिवाला श्वास घेता यावा म्हणून. शेजारी तिचा नवरा भागवत उभा होता. बाहेर लिंबाखाली दोन म्हशी आणि एक गाभण गाय नंबर लावून थांबल्या होत्या.

"डाक्टर, हिला एक इंजेक्शन मारा," भागवत म्हणाला. "मुतायचं बंद झालं पाह्यजे."

"मुतायचं बंद झालं तर दोन-तीन दिवसांत मरेल."

"मंग कापसात मुतायचं बंद झालं पाह्यजे."

"असं इंजेक्शन अजून निघालेलं नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या. नदीपल्याड सोडून येतो."

पोत्यातली ती दोन बोटं आणखी आत सरकली.

मी सरकारी जनावरांचा डॉक्टर. चकलांब्याच्या बाजूला माझा दवाखाना. अठ्ठावीस वर्षं गाई-म्हशींच्या मागच्या बाजूला उभं राहण्यात गेली. मांजर हा माझा प्रांत नव्हे. आमच्याकडे मांजराला कुणी दवाखान्यात आणत नाही. ते जन्मतं, उंदीर धरतं आणि एक दिवस दिसेनासं होतं. त्यामुळे कुतूहलानं पोतं सोडायला मीच सांगितलं. माझी आणखी एक खोड इथंच कबूल करतो. दुपारी दीडच्या पुढं मला डुलकी लागते, ड्युटी असो नसो. पुढं तिचा संबंध येणार आहे.

पोत्यातून राखाडी-पांढरी, मध्यम अंगाची मांजर निघाली. नाव सरकी. भागवतच्या बायकोनं, उज्वलानं, गेल्या वर्षी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून येताना तिला आणली होती. माहेर घाटनांदूरचं, म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. हे पिल्लू टोपलीत घालून, वर ओढणी बांधून, दोन एसट्या बदलून ती आली होती.

मी सरकीचं पोट चाचपलं. मांजर भलत्या ठिकाणी लघवी करू लागलं की आधी आजार बघायचा. मूत्राशयाला सूज किंवा खडा असेल तर ते बिचारं जिथं कळ येईल तिथं बसतं. तसं काही नव्हतं. मग दुसरा प्रश्न.

"उभी राहून करते का बसून?"

उत्तर उज्वलानं दिलं, खाली बघून.

"बसून. आधी उकरती. वास घेती. मंग बसती अन् झाकती."

फार मोलाचं उत्तर होतं ते. मांजर उभं राहून शेपटी थरथरवत फवारा मारतं, तेव्हा ते हद्द आखत असतं. बसून करतं, उकरतं, झाकतं, तेव्हा त्याला फक्त संडासाची जागा पाहिजे असते. म्हणजे कापसाला संडास समजायला सरकीकडे काही तरी कारण होतं. ते काय, हे मी त्या दिवशी विचारायला पाहिजे होतं. बाहेर म्हैस ओरडली आणि राहून गेलं.

"तुम्ही काय काय केलं?"

"नाक घासलं तिचं त्याच्यात. चप्पल मारली. फिनेल टाकलं."

तिन्ही बंद करायला सांगितलं. फिनेल मांजराला विषारी असतं. नाक घासून आणि मारून ते एवढंच शिकतं, की माणसासमोर करायचं नाही. मग ते लपून करतं. भिजलेला कापूस काढून टाका आणि एका घमेल्यात वाळू भरून कोपऱ्यात ठेवा, असा सल्ला दिला.

"वाळू हाय," भागवत म्हणाला. "बांधकामाची उरलीय. पण सांगून ठेवतो डाक्टर, पंधरा दिसांनी रविवारी टेम्पो येणार हाय कापूस न्यायला. व्यापारी हात घालून वास घेतो. तवर सुधरली तर ठीक, न्हाईतर त्याच दिशी तिला बी काढतो."

उज्वलानं पोत्याची घडी केली आणि मांजर पदराखाली घेतली.

चार दिवसांनी फोन आला. वाळूला सरकीनं एकदा हुंगलं होतं आणि पंजा झटकून ती निघून गेली होती. मी तालुक्याच्या साहेबांना फोन लावला.

"व्हिजिटला जातोय, साहेब."

"काय आहे? म्हैस?"

"मांजर."

"रजिस्टरला मांजराचा कॉलम आहे का?"

"'इतर' आहे."

"इतरमध्ये गाढव येतं."

"मग गाढवाशेजारी लिहितो."

मी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. पौषातलं ऊन मवाळ होतं. भागवत ट्रॅक्टर घेऊन बाहेर गेला होता. त्याची आई गयाबाई फरदडीच्या, म्हणजे शेवटच्या वेचणीच्या कापसाला निघाली होती. डोक्यावर रुमाल, कमरेला वेचलेला कापूस टाकायचा ओटा.

"ह्येच का मांजराचे डाक्टर?" तिनं सुनेला विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरीनं माहेराहून ह्येच आणलं बघा. लई गुणाचं." आणि गेली. उज्वलाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

पुढच्या खोलीत कापूस होता. ज्यांनी आमच्याकडचं कापसाचं घर पाहिलं नाही त्यांना सांगतो. चांगला भाव येईपर्यंत कापूस घरातच राहतो आणि माणसं उरलेल्या जागेत राहतात. इथला ढीग पार छताला टेकला होता आणि दाराकडे उतरत आला होता. पंखा कापसात बुडालेला. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा तिरपा येत होता आणि त्यात बारीक तंतू तरंगत होते, खाली यायची कसलीच घाई नसल्यासारखे. बाहेरचा कुठलाच आवाज आत येत नव्हता. कापूस आवाज पिऊन टाकतो.

"मी जरा बसून बघतो ती काय करते," मी म्हणालो. उज्वला उंबऱ्यात कापसातली पत्ती निवडत बसली. सरकी माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन पसरली.

मी टेकलो. कापूस उबदार होता. तंतू तरंगत होते. कधी डोळे मिटले, कळलं नाही.

मी आमच्या शेतात होतो. आठ-नऊ वर्षांचा, अनवाणी. नुकतीच कुळवाची पाळी घालून झालेली, काळी माती मोकळी, भुसभुशीत. पाय टाकला की घोट्यापर्यंत जायचा आणि माती त्याला हळूच धरायची. वडील पुढं औत हाकत होते, पण बैलांच्या घुंगरांचा आवाज येत नव्हता. मी चालत होतो. खाली मऊ, वर मऊ. मग मातीत माझ्या पायाशेजारी कुणी तरी उकरू लागलं. खरखर नाही, नुसती हलकी हालचाल. ती माझ्या तळहाताला लागत होती.

"ही मातीत चाललीय," मी मोठ्यानं म्हणालो.

"काय म्हणला?" उंबऱ्यातून आवाज आला.

मी डोळे उघडले. माझा हात कापसात मनगटापर्यंत रुतला होता आणि त्याच्या शेजारी सरकी पुढच्या पंजांनी उकरत होती. मी तिला उचलली. उचलता उचलता विचारलं, "आधी ही कुठं जायची?"

"मागल्या अंगणात."

मागं जाऊन बघितलं. अंगण कुठलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचा कोबा होता. दिवाळीच्या आठ दिवस आधी घातलेला. पंजाखाली दबेल, उकरलं तर मोकळं होईल असं त्या घरात एकच काही उरलं होतं, कापूस. आणि मी दिलेली वाळू? दगड फोडून केलेली, टोकदार. माझ्याच हाताला बोचली.

सरकी बिघडलेली नव्हती. ती अगदी शिस्तीत मऊ माती शोधत होती. मला एकदम तिचं वाईट वाटलं. चपला खाऊनही ती नीट झाकून येत होती.

उज्वलाला सांगितलं. शेतातली काळी माती आण, चाळून घे, घमेल्यात चार बोटं जाड पसर. भिजल्या कापसाचा एक बोळा तिच्यात पूर, म्हणजे वासानं ओळख पटेल. कापसावर ताडपत्री टाक. तिच्यावर पाय दिला की आवाज होतो, तो मांजराला आवडत नाही. आणि मातीत गेली की लगेच बोटभर साय. लगेच म्हणजे लगेच, अर्ध्या तासानं दिलेली साय कशाची ते तिला कळत नाही.

उज्वला पहिल्यांदा हसली. मग सासू गेली त्या वाटेकडे तिनं बघितलं. "आत्याबाईला काय सांगू?"

"सांग डॉक्टरनं सांगितलं," असं म्हणून मी गाडीला किक मारली. झोपेतून अक्कल सुचल्याच्या आनंदात होतो.

दोन दिवस निरोप चांगले आले. सरकी मातीत जातेय, साय खातेय. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद. टेम्पोच्या आधीच्या गुरुवारी भागवतचा फोन आला.

"डाक्टर, ताडपत्रीखाली घुसून केलंय. तीन जाग्यांवर. आता लई झालं. मी पोतं काढलंय."

"मी येतो. तोवर थांब."

पोचलो तेव्हा ओसरीवर उज्वला बसली होती. मांडीवर सरकी, बाजूला तेच युरियाचं पोतं, घडी मोडलेलं. डोळे रडून झालेले. भागवत दाराशी उभा होता, त्यालाही काही हे आवडत होतं असं नाही. मी सरळ आत गेलो आणि कोपऱ्यातलं घमेलं बघितलं.

घमेलं हिरवं होतं.

बोटभर उंचीची, दोन-दोन पानांची मेथी. दाट, एकसारखी, पाणी घालून ओली ठेवलेली. इतकी टवटवीत की हात लावायचा मोह व्हावा.

"ही कुणी लावली?"

"म्या," गयाबाई आतून आली. "कावून? येवढी चांगली चाळलेली काळी माती घरात पडलीय, बिनकामाची. म्हनलं मूठभर मेथी तरी टाकावं. चार दिसांत वर आली बघा." अभिमानानं तिनं त्यावर हात फिरवला.

मी वळून ओसरीवरच्या उज्वलाकडे बघितलं. "तू सांगितलं नाहीस?"

ती हळू बोलली. "कसं सांगावं? शेतातली माती हाय ती. आत्याबाई पेरायच्या आधी पाया पडत्यात तिच्या. त्या मातीत मांजर... अन् पेरल्यावर तर मंग झालंच. पेरलेलं उपटावं कसं?"

"दुसरं घमेलं भरायचं."

"मंग पयलं कशाला व्हतं ते सांगावं लागलं असतं."

मला माझाच राग आला. औषध मी दिलं, ते कशासाठी हे घराला सांगायचं काम मात्र वर्षभराच्या सुनेवर टाकून निघून आलो. आणि तिनं मांजर जाऊ द्यायची तयारी केली होती, पण सासूच्या मेथीला हात लावला नव्हता.

गयाबाईला आता उलगडलं. मी घाबरलो, ती कडाडेल म्हणून.

"ह्या मातीत मांजर जात व्हती?"

"दोन दिवस," मी म्हणालो.

"अन् म्या तिच्या मोरीत मेथी पेरली?"

मग गयाबाई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. भागवतही हसला. उज्वलाला हसावं का रडावं कळत नव्हतं.

"येडी गं तू," गयाबाई सुनेला म्हणाली. "माती हाय ती. बैल मुतत्यात, शेळ्या मुतत्यात. मातीला काय व्हतंय?" मग ती तिच्याजवळ टेकली आणि सरकीच्या कपाळावरून एक बोट फिरवलं. आवाज खाली आला. "म्या बी माहेराहून एक शेळी आणलती. पांढरी. माज्या मागं मागं यायची. माज्या सासूनं आठ दिसांत इकली. म्या बी काय बोलले न्हवते."

उन्हाचा पट्टा उंबऱ्यापर्यंत आला होता. त्यात अजून तंतू तरंगत होते.

गयाबाई उठली. मेथीचं घमेलं तिनं उचलून बाहेर उन्हात ठेवलं. पेरलेलं मोडायचं नाही, हे तिचंही ठरलेलं होतं. दुसरं रिकामं घमेलं घेऊन ती स्वतः शेताकडे गेली. अर्ध्या तासानं डोक्यावर माती घेऊन आली, सुनेपुढं ठेवली आणि म्हणाली, "घे, चाळ. म्या साय आणते."

ती मेथी खाऊ नका, असं मी तीन वेळा बजावलं. मांजराच्या विष्ठेतून माणसाला आजार होतो, आणि पोटुशी बाईनं तर ती मातीसुद्धा हाताळायची नसते.

रविवारी टेम्पो आला. व्यापाऱ्यानं हात घातला, वास घेतला, मान डोलावली. कापूस गेला. सरकी राहिली.

फाल्गुनात त्या वाटेनं जाताना चहाला थांबलो. पुढची खोली मोकळी, पंखा पुन्हा दिसायला लागलेला. बाहेरच्या मेथीला पांढरी फुलं येऊन शेंगा धरल्या होत्या. ओसरीवर तेच युरियाचं पोतं होतं, स्वच्छ धुतलेलं, कापूस भरून तोंड शिवलेलं. त्यावर सरकी झोपली होती.

"वातीला लागतो म्हणून ठेवलाय थोडा," गयाबाई म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

रजिस्टरला मी 'इतर'च्या रकान्यात लिहिलं: मांजर, एक. उपचार: माती. साहेबांनी त्याखाली प्रश्नचिन्ह काढलं, ते अजून आहे. माझी डुलकी सुटलेली नाही. पण एक सवय लागली. आता म्हशीला साधी जंताची गोळी दिली तरी मी विचारतो, "घरात सगळ्यांना सांगणार ना, ही कशाला आहे ते?" लोक हसतात. हसू देत. त्यामुळे गोळी तरी कुणी पेरत नाही.