उपाशीपोटी या

आमच्या घरात कुणाला उपास शिकवावा लागत नाही. आम्ही रिसोडचे जैन, कापडाचं दुकान, आणि आई म्हणजे उपासातली पट्टीची खेळाडू. त्यामुळे वाशीमच्या स्कॅन सेंटरवरून फोनवर "उपाशीपोटी या" असं सांगितलं, तेव्हा मी निश्चिंत झाले. चार तास आधी काही खायचं नाही, पाणी मात्र चालतं, उलट प्याच, असंही फोनवरची बाई म्हणाली होती. मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. आईनं मान हलवली. आईची मान हलली म्हणजे तिला पटलं, असं समजणारी मी घरात एकटीच मूर्ख.

सोनोग्राफीत तिच्या पोटात गाठ दिसली होती. गाठ कसली, कुठवर गेलीय, हे सीटी स्कॅनशिवाय कळणार नव्हतं. तिचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले होते. त्या रोगाचं नाव आम्ही कुणीच घेत नव्हतो. मला भीती वाटली की राग येतो, आणि त्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसत होते.

सेंटरवर आधी रक्त तपासायचं होतं. सुई टोचणारी मुलगी मेडशीकडची होती. तिनं आईचा एक हात चोळला, मग दुसरा.

"मावशी, शीरच सापडून नाही राह्यली. पाणी पिलं नाही का तुमी?"

"पिलं ना," आई म्हणाली. "परवा सांजीले."

"परवा?" मी एवढ्यांदा ओरडले की बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

मी काल दिवसभर दुकानात होते, आणि घरी आईनं पाण्याचा थेंबही न घेता कडक उपास केला होता. सूर्य मावळल्यावर तर ती तशीही पाणी पीत नाही. डेंग्यूच्या तापात जीभ लाकडासारखी झाली होती, तरी सूर्य उगवेपर्यंत थांबलेली बाई ती.

कसंबसं रक्त निघालं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. गाठ नीट दिसावी म्हणून शिरेतून एक औषध सोडतात, ते लघवीवाटे बाहेर पडतं. आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, वाढलेलं होतं, आणि अशा किडनीवर ते औषध सोडायला ते तयार नव्हते. "पाणी पाजा. चार वाजता पुन्हा रक्त बघू. उतरलं तर आज करू, नाहीतर आठवडाभर थांबावं लागेल."

आठवडा!

"काहून केलं असं?" बाहेर येताच मी तिच्यावर तुटून पडले. "त्यांना फक्त तुझं पोट रिकामं पाहिजे होतं. पुण्य मागितलं होतं का त्यांनी?"

"ओरडू नोको. लोकं पाहून राह्यले."

एवढंच बोलून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिथल्या कूलरचं पाणी ती पिणार नव्हती. तिला गाळून उकळलेलं पाणी लागतं, आणि उपासाच्या भरात घरून बाटलीही आणली नव्हती. मी दात-ओठ खात समोरच्या चहावाल्या चाचांकडे गेले आणि पाणी उकळून मागितलं.

"माँजीसाठी हाय का?" ते म्हणाले. "बस बेटा. गंज घासून देतो." त्यांनी खरोखरच ते पातेलं दोनदा राखेनं घासलं. आईच्या स्वच्छ रुमालातून मी पाणी गाळलं, त्यांनी ते खळखळ उकळलं. मग मी फुंकर मारमारून निववलं आणि पेल्यामागून पेला तिच्या हातात देत राहिले. ती औषधासारखं मुकाट्यानं पीत होती. एकदा मळमळलं तरी मी पेला पुढे केलाच.

चार वाजता पुन्हा सुई टोचली. या वेळी शीर पटकन सापडली, आणि मला रडू आलं. पण रिपोर्ट लवकर येईना. हिवाळ्याचे दिवस, उन्हं भराभर उतरत होती. मी दाराकडे बघत होते, आई खिडकीकडे. सूर्य समोरच्या इमारतींमागे जायला लागला तसा तिनं शेवटचा पेला संपवला, पालथा ठेवला आणि हात जोडले. तिच्यापुरता दिवस संपला होता.

तेवढ्यात आतून हाक आली. क्रिएटिनिन उतरलं होतं.

बांगड्या, मंगळसूत्र, केसातल्या पिना, सगळं माझ्या ओंजळीत आलं. "औषध गेलं का अंगात गरम वाटन," ती मुलगी तिला समजावत होती. "लघवी झाल्यासारखं वाटते, पण होत नाही. घाबरू नोका. श्वास रोका म्हटलं का रोकजा." दार बंद झालं. मी बाहेर उभी राहून स्वतःचाच श्वास रोखून धरत होते.

ती बाहेर आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. "आता घरी जाऊन पाणी पीत राहा, झोपेपर्यंत," ती मुलगी आईला म्हणाली. "ते औषध बाहेर पडलं पाह्यजे. आजच्या दिवस कंटाळा नोका करू."

आईनं मान हलवली.

ती मान मी आता चांगली ओळखत होते. चाचांनी भरून दिलेली बाटली घेऊन मी गाडीत बसले आणि मनात भांडणाची तयारी करायला लागले. किडनी, डॉक्टर, आजारपणातली सूट, सगळे मुद्दे जमवले. गावाबाहेर आलो तेव्हा दोन्ही बाजूंना तुरीची शेतं काळी दिसत होती.

"दे थे बाटली," आई म्हणाली.

दिवसभर तिच्याशी भांडलेली मी, माझ्याच तोंडून निघालं, "आई, अंधार पडला."

"दिसते मले." तिनं बाटलीचं झाकण काढलं. "थो उपास त्यायच्यासाठी नव्हता केला म्या. म्हटलं, कडक केला तं आत काही निघणार नाही." तिनं झाकण पदरात ठेवलं. "मले मराचं नाही, बाई."

मग डोळे मिटून तिनं बाटली तोंडाला लावली, आणि अर्धी झाल्यावरच खाली ठेवली.