डायरीत उतरवलेलं वळण

नागपूरच्या एका दुकानदाराने मला फसवलं, आणि मी माझ्या मोठ्या भावाला फसवलं. दोन्ही वेळा वस्तू एकच होती. तळहातावर मावणारी, राखाडी रंगाची, बारक्या प्लास्टिकच्या काडीने लिहायची एक इलेक्ट्रॉनिक डायरी.

आमचं घर विणकराचं. वडील लवकर गेले, आणि दादा मागावर बसला तो छातीचा विकार होईपर्यंत उठला नाही. मी सोळाव्या वर्षी उठलो. कोशाच्या रेशमी साड्यांचं गाठोडं काखेत मारून एसटीने भंडारा, तुमसर, गोंदिया करायला लागलो. पुढे नागपूर, रायपूर. भंडाऱ्यात घर बांधलं, ते माझ्या जिभेच्या जोरावर. दादाच्या साड्याही मीच विकायचो, तरी त्याने मला कधी व्यापारी म्हटलं नाही. दलाल म्हणायचा, लोकांसमोरसुद्धा.

धंद्यात मी एक नियम पाळला. गरज दाखवायची नाही. समोरच्या मालावाचून आपलं अडलंय असं डोळ्यातही दिसू द्यायचं नाही. साडी उजेडात धरायची, डाग शोधायचा, डागाचे पैसे कापायचे आणि उठून चालायला लागायचं. दहातले नऊ लोक मागून हाक मारतात.

हा नियम मी पहिल्यांदा मोडला, तो त्या दुकानात.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. दादाच्या छातीच्या दुखण्याने जोर धरला होता. करवतीच्या दातांसारखा करवती काठ आमच्याकडे अनेक जण विणत, पण काठ जिथे पदराला मिळतो तिथलं एक वळण फक्त आमच्या घरात होतं. वडिलांनी दादाला शिकवलेलं. एकवीस फेरे. प्रत्येक फेऱ्यात आडव्या धाग्याचा धोटा जाताना कोणते धागे उचलायचे आणि कोणते सोडायचे, हे दादाच्या बोटांत होतं. वडिलांनी वहीत लिहून ठेवलं होतं, पण एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं आणि वहीचा लगदा झाला. दादाला मूलबाळ नाही. मला त्याने कधी सांगितलं नाही, कारण मी मागावरून उठलो होतो. आणि त्या वळणाची एकही साडी घरात उरली नव्हती. सगळ्या मीच विकल्या होत्या.

त्या वर्षी दादा खाटेवरून म्हणाला, "लिहून घे बाबू. मी गेलो का हे बी जाईल."

मी म्हटलं, "कागदावर नाही लिहीत दादा. कागद सडते. मशीन आणतो."

नागपूरला त्या दुकानात मी कंप्युटर आणि ती डायरी एकदम मागितली. डायरी जुनी होती, कोणी बाहेरदेशातून आणून विकलेली. पाठीवर लांब ओरखडा होता. ओरखड्याचे पैसे मी कापले. कंप्युटरमध्ये विकतची विंडोज नको म्हटलं, तेही कापले. दुकानदार म्हणाला, "मग फुकटवालं लिनक्स टाकून देतो शेठ." डायरीसोबत तिला कंप्युटरशी जोडायच्या प्रोग्रामची एक सीडी होती. ती लिनक्सवर चालत नाही म्हणाला. मी म्हटलं, "चालत नाही तर ठेव तुझ्याकडेच, आणि तिचे कमी कर."

तो हसला. "शेठ, तुमच्यासारखे चार गिऱ्हाईक आले, तर मले दुकान विकून गावी जा लागते."

मग मी ते बोललो. बिल होताना म्हणालो, "हे पाहा, माझा भाऊ आजारी आहे. त्याच्या हातातलं काम या डायरीत ठेवायचं आहे. पुन्हा मिळणारी गोष्ट नाही. यातून कंप्युटरमध्ये उतरेल ना? टिकेल ना?"

तो म्हणाला, "उतरते ना. काहून नाही उतरत? बेफिकर राहा."

महिनाभर मी एक दिवसाआड गावी जायचो. दादा खाटेवर बसायचा, गोधडीवर बोटं चालवायचा आणि बोटांकडे बघून सांगायचा. तोंडी नुसतं विचारलं तर चुकायचा. बोटं चालली की बरोबर यायचं. डायरीत मराठी अक्षरं नव्हती, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत लिहायचो, उचलला तो यू, सोडला तो एस. एका बैठकीत एक फेरा, फार तर दोन. मग खोकला.

"तू आमच्या बापापेक्षा हळू लिहितं," तो म्हणायचा. "अन् बापाले दोनच वर्ग शाळा होती."

एकवीस फेरे झाले त्या दिवशी त्याने माझ्या हातातून डायरी घेतली, उलटीसुलटी केली, ओरखड्यावर अंगठा फिरवला. "येवढ्यात बसलं सगळं?"

"बसलं."

"हलकं हाये," तो म्हणाला आणि परत दिली.

आता ते कंप्युटरमध्ये उतरवायचं होतं. डायरीचा स्टँड होता, त्याला वायर, वायर कंप्युटरला. स्टँडवर एक बटन. ते दाबलं की डायरी किणकिण वाजायची, जोडणी चालू आहे असं दाखवायची, आणि थोड्या वेळाने जोडणी झाली नाही असं दाखवायची. मी वायर बदलली. मागची सगळी भोकं लावून पाहिली. स्टँड आपटला. दुकानात फोन केला तर तो म्हणाला, होते शेठ, धीर धरा.

बसस्टँडजवळ एक मॅडम कंप्युटरचा क्लास चालवायच्या. वयाने मला मुलीसारख्या, पण स्वभाव खमका. लिनक्स त्यांनी कॉलेजात पाहिलेलं, डायरी कधीच नाही. तरी आल्या. काळी खिडकी उघडून त्यात इंग्रजी ओळी टाकत बसल्या.

"काका, तुम्ही बटन कधी दाबता?"

"आधी कंप्युटरमधला तो जोडणीचा प्रोग्राम चालू करतो. मग दाबतो."

"तिथंच चुकून राहिलं. बटन दाबल्याशिवाय कंप्युटरले डायरी दिसतच नाही. दाबल्यावर दिसते, अन् कोणी विचारलं नाही तर लगेच निघून जाते. आधी बटन, मग मी एंटर मारते. दाबा."

दाबलं. त्यांनी एंटर मारलं. नाही झालं.

"दाबा पुन्हा."

असं त्या दिवशी किती वेळा झालं कोण जाणे. डायरी दर वेळी वेगळ्या नावाने दिसायची, आणि प्रोग्राम जुन्या नावाने शोधत बसायचा. नाव जुळलं तर परवानगी नाही म्हणायचा. मध्येच भारनियमनाची वेळ झाली, वीज गेली, आणि पडदा काळा झाला.

"माझ्याच कंप्युटरमध्ये मलेच परवानगी नाही?" मी ओरडलो.

"माझ्यावर नका चिडू काका. मी नाही विकला तुम्हाले." मग सावकाश म्हणाल्या, "किती आहे आतमधी? एकवीस ओळी? तेवढ्या कागदावर उतरवून घ्या ना आधी. मी लिहून देऊ का?"

"मग हे कायले घेतलं मी?" मी म्हटलं. "कागदच पायजे होता तर कागद नव्हता का माझ्याकडे?"

वीज आल्यावर त्या पुन्हा ओळी टाकायला बसल्या.

चौथ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी जमवलं. सगळी परवानगी असलेल्या खात्यातून चालवलं, नाव पक्कं बांधून दिलं, आणि डायरीतलं सगळं सरसर उतरलं. गोंदियाच्या गिऱ्हाइकांचे पत्ते उतरले, भंडाऱ्याचे उतरले, आणि दादाचे एकवीस फेरे. मी पडद्यावर बोट ठेवून मोजले. मॅडमनी पडद्यावर एक चित्र ठेवून दिलं. बटन दाबायचं, लगेच त्यावर क्लिक करायचं.

"एक ध्यानात ठेवा. डायरीत जे असेल तेच हे कंप्युटरमध्ये जसंच्या तसं ठेवते, जुन्याच्या जागी. उलटं करायचं असलं, कंप्युटरमधून डायरीत, तर मले बोलवा. आपल्या मनानं दाबू नका."

मी हो म्हटलं. मी तेव्हा मनात दुकानदाराला काय काय बोलायचं ते जुळवत होतो.

पुढच्या आठवड्यात मी साकोलीकडे मालासाठी गेलो. डायरी स्टँडवर ठेवून गेलो, चार्ज होत राहील म्हणून. इकडे वादळ झालं, तार तुटली, आमच्या भागात दोन दिवस वीज नव्हती. परत आलो तेव्हा वीज आलेली होती आणि डायरी नव्या नवरीसारखी स्वच्छ. तारीख टाका, वेळ टाका, नाव टाका. आत काही नाही. एक पत्ता नाही.

मी घाबरलो नाही. मला वाटलं, सगळं कंप्युटरमध्ये आहेच, मॅडमनी जोडणी करून दिली आहे, जोडलं की परत येईल. मी बटन दाबलं. त्या चित्रावर क्लिक केलं. किणकिण वाजलं. पहिल्याच फटक्यात झालं, याआधी कधी एवढं सुरळीत झालं नव्हतं. डायरी मात्र रिकामीच राहिली, म्हणून मॅडमना बोलावलं.

मॅडम संध्याकाळी आल्या. बराच वेळ काळ्या खिडकीत शोधत राहिल्या.

"काका, तुम्ही बटन दाबलं का?"

"दाबलं."

"किती वेळा?"

"नाही येऊन राहिलं म्हणून दोनदा."

त्यांनी हात मांडीवर ठेवले. "रिकामी डायरी भरलेल्याच्या जागी ठेवली तुम्ही." थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं की अशा डायरीत बॅटरी पूर्ण उतरली की आतलं पुसलं जातं, आणि ही बॅटरी मेलेलीच आहे, नवी असती तर दोन दिवस काय, बरेच दिवस टिकली असती. "मले आधी माहीत असतं तर सांगितलं असतं. ज्यानं विकली त्याले माहीत असंन."

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे जायला हवं होतं. मी नागपूरला गेलो.

दुकानदाराने खुर्ची दिली. मी बसलो नाही. त्याच्या चार गिऱ्हाइकांसमोर बोलायचं ते बोललो.

"जुन्या मालात बॅटरी जुनीच असते शेठ," तो म्हणाला.

"सांगितलं नाही तू."

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही ओरखडा विचारला, त्याचे मी कापले." मग गिऱ्हाइकांकडे पाहून म्हणाला, "सीडी बी यांनीच परत केली. भाव पाडाले आले, तेव्हा सगळं समजत होतं यांना."

ते हसले. मी त्याची कॉलर धरली, लोकांनी सोडवली, त्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तोही गेला.

तिसऱ्या दिवशी दादाकडे गेलो. तो भिंतीला टेकून होता. आवाज बारीक झाला होता, पण बोटं ठीक होती.

"उतरलं का मशीनमध्ये?"

"उतरलं," मी म्हटलं.

रस्त्यात मी ठरवलं होतं की हरवलं म्हणायचं नाही. एकदा दुकानात गरज बोलून दाखवली होती, त्याचं काय झालं ते पाहिलं होतं. एकेक फेरा गोडीने काढून घ्यायचा, तपासायच्या निमित्ताने.

"दादा, तो सातवा फेरा एकदा सांगा ना."

"काहून? हरवला का?"

"नाही. तपासून राहिलो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "दलाल तो दलालच. घरचा माल बी दोनदा मोजते." मग त्याने बोटं चालवली. मी खिशातल्या एसटीच्या तिकिटावर लिहून घेतलं. त्या दिवशी सातवा आणि दुसऱ्या तिकिटावर आठवा मिळाला. एका दिवसाआड अकरावा. मग पहिला. मग दुसरा, तो अर्धा. नंतर त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात हलवलं, आणि तिथे दोन्ही हातांना सुया टोचलेल्या होत्या, बोटं चालवता येईनात.

दादाची तेरवी झाल्यावर मी वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"त्यायले माहीत होतं भाऊजी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी मले म्हणाले, दलालाचं सगळंच हरवलं हाये, पण तोंडानं सांगत नाही. म्हणे, त्याले एकदा तोंडानं सांगू दे, मी एका बैठकीत पुरं करतो. रोज तुमची वाट पाहत बसत. तुम्ही आले का अंगावरची चादर सारखी करत."

पुढे मी रायपूरपर्यंत जाऊन आलो, विकलेल्या साड्या शोधत. एक सापडली, त्या घरातल्या बाईंनी धरून दाखवली. आमच्या गावच्या एका विणकराला तिथे नेलं, तो म्हणाला, वरून दिसते, पण खालच्या बाजूनं कसं बांधलं ते उसवल्याबिगर कळत नाही. आणि ती साडी माझी नव्हती. मी तिच्यात डाग शोधला नाही. माझं काय अडलं आहे ते सांगून मागितली. त्या बाई नाही म्हणाल्या.

पाच तिकिटं माझ्या कपाटात आहेत. चार पुरे फेरे, एक अर्धा.

भावाला फसवलं त्याचा जाब माझ्याकडे मागायला आता कोणी नाही, म्हणून मीच तो इथे लिहून दिला. बटन मी दाबलं. कागद मी नाकारला. दोन दिवस मी कॉलर धरण्यात घालवले. यातलं काही मी लपवत नाही.

पण तू. तुझं दुकान अजून त्याच चौकात आहे, पाटी मोठी झाली आहे, मी गेल्या महिन्यात समोरून गेलो. मी बॅटरी विचारली नाही हे मान्य. पण त्यात काय ठेवायचं आहे ते मी तुला सांगितलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी गिऱ्हाईक असून गरज बोलून दाखवली, ती तुझ्यासमोर. भाऊ आजारी आहे म्हटलं, पुन्हा मिळणार नाही म्हटलं, टिकेल ना म्हणून विचारलं. मेलेली बॅटरी तुझ्या हातात होती, आणि तू म्हणालास, बेफिकर राहा.

सीडीचं, ओरखड्याचं, किमतीचं बोलणं नको. एवढंच सांग, ते ऐकल्यावरही तू गप्प का बसलास?