खारवलेला ट्रॅक्टर

आमच्या अंगणात सहा वर्षं एक छोटा ट्रॅक्टर उभा आहे आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आलेला आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण लोकांची समजूत वेगळी असते. बाई असून ट्रॅक्टर चालवता, दुरुस्तही करता, केवढं कौतुक, असं लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणतंच. कौतुक त्यांचं त्यांना. माझी कंबर धरते आणि नखांतलं काळं चिंचेनं घासलं तरी निघत नाही. गावच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांच्या डोक्याशी डोकं लावल्यावर मला पडवीतल्या झोपाळ्यावर बसून पुस्तकं वाचायची होती. वाचायच्या पुस्तकांची यादीही केली होती. ती यादी आहे अजून. तिच्या पाठकोऱ्या बाजूला मी सुट्या भागांची यादी लिहिली आहे.

हा उद्योग आमच्या ह्यांचा. ह्यांनी रत्नागिरीत दुसऱ्याच्या गॅरेजात हयात काढली. ट्रकाखाली झोपून कमरेचं दुखणं घेतलं, पण बोनेट न उघडता नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचे. दीर मुंबईत, त्यांची मुलं आणि आमचा मुलगाही मुंबईत, त्यामुळे शेताकडे बघायला आम्ही दोघंच. वाडीतली शेवटची बैलजोडी विकली गेली आणि वहाळालगतची आमची भाताची चार खाचरं दोन वर्षं ओस पडली. भाड्याने मोठा ट्रॅक्टर मागवायची सोय नव्हती. आमच्या खाचरात मोठा ट्रॅक्टर वळत नाही, आणि वळलाच तर निम्मा बांध सोबत घेऊन वळतो. मग कुणीतरी ह्यांना सांगितलं की नाटे गावात एक जण छोटा ट्रॅक्टर विकतोय. दुसऱ्याच दिवशी हे शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन गेले आणि संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊनच आले.

मी त्याच्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. मूळ रंग कोणता ते सांगता येत नव्हतं. त्या माणसाने हा ट्रॅक्टर शेतात कधी घातलाच नव्हता. किनाऱ्यावर होड्या ओढायला ठेवला होता, म्हणजे त्याची चाकं अर्धी उमर खाऱ्या पाण्यात गेलेली. मालकाने काही लपवलं नव्हतं. ह्यांनी विचारलं नव्हतं, एवढंच. इंजिन सुरू करून आवाज ऐकला आणि खूश होऊन परत आले. मी बोलायच्या आत मलाच समजावलं, "इंजिन झकास हाय गो. बाकीचा नुसता खारवलाय." टूलबॉक्स उघडला तर आत ओंजळभर वाळू आणि एक सुका बांगडा. वाडीतली सगळी मांजरं महिनाभर त्या ट्रॅक्टरखाली मुक्कामाला होती.

त्याला माणसात आणायला पुरती दोन वर्षं गेली. लोखंडात एकदा मीठ शिरलं की ते वरून पुसून जात नाही. एकेक नट आदल्या दिवशी डिझेलमध्ये भिजवायचा, दुसऱ्या दिवशी हातोडीने हलकेच ठोकायचा, फिरला तर फिरला, नाहीतर पुन्हा भिजत घालायचा. माझ्या स्वयंपाकघरातले डबे एकेक करून अंगणात गेले. क्लचची प्लेट गंजून आत चिकटली होती. वायरी वरून धड दिसायच्या, सोलल्या की आत हिरवी भुकटी. ह्या सगळ्यात माझं काम उजेडासाठी बॅटरी धरण्याचं. शाळेतून आले की चहा घेऊन पदर खोचायचा आणि उजेड धरून उभं राहायचं. "उजेड नटावर धर, माझ्या तोंडावर नको," हे वाक्य मी त्या दोन वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

दुसऱ्या वर्षी हे सारखं म्हणायला लागले की बॅटरीला उजेड नाही. मी सेल बदलले. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग नवी बॅटरी आणली. तिचा झोत पार समोरच्या आगरातल्या माडांपर्यंत जायचा. ती ह्यांनी हातात घेतली, स्वतःच्या तळहातावर धरली आणि म्हणाले, हीसुद्धा तसलीच. मी झोत पुन्हा माडांवर टाकून बघितला. बॅटरीत काहीच बिघडलेलं नव्हतं.

रक्तातल्या साखरेने ह्यांचे डोळे खाल्ले होते. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. एक डोळा गेला तो गेला, आणि दुसऱ्याला उजेड आणि माणसाची आकृती तेवढी कळते. परतीच्या गाडीत हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. घरी आल्यावर मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, रडतील. ह्यांनी विचारलं, रेडिएटरचा पाइप आला का. त्या रात्री मी दोघांच्या वाटणीचं रडून घेतलं.

पाइप आला होता. तो बसवायला हात माझे लागणार होते.

मग माझी शाळा सुरू झाली. मी स्वतः मास्तरीण, त्यामुळे वाईट शिक्षक कसा असतो हे मला चांगलं कळतं. हे त्यातले अव्वल. लोखंडी खोक्यावर बसायचे आणि कारण न सांगता हुकूम सोडायचे. पहिला धडा एअर काढण्याचा. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन आधी नीट सुरू होतं, मग अडखळतं, मग मरतं. तेव्हा फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दहाच्या पान्याने सैल करायचा, खालच्या पंपाची दांडी हाताने मारत राहायची, स्क्रूपाशी फेसाळलेलं डिझेल येतं ते वाहू द्यायचं, आणि बुडबुडे जाऊन स्वच्छ धार आली की स्क्रू घट्ट करायचा. एवढंच. पण ह्यांनी ते माझ्याकडून अकरा वेळा करून घेतलं. बाराव्या वेळी म्हणाले, आता डोळे मिटून कर.

मी भडकले. तुम्हाला दिसत नाही म्हणून मीही बघायचं नाही का, असं बोलून गेले. बोलले आणि जीभ चावली.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "पण इंजिन बघून कधी कळत नाय. मला दिसत होतं तेव्हापण नाय कळायचं. ऐक तू."

मी डोळे मिटून केलं. बुडबुडे मात्र डोळे उघडून बघितले, कारण ते बघितल्याशिवाय कळत नाहीत, आणि तसं ह्यांना सांगितलंसुद्धा. ते हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा.

त्यानंतर चार पावसाळे मी तो ट्रॅक्टर चालवला. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी मिरवले. आमच्या चार खाचरांची लावणीआधीची चिखलणी झाली, मग शेजारची, मग ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांची, म्हणजे सगळ्या वाडीची. हे बांधावर छत्री घेऊन बसायचे. आवाजात काही वावगं वाटलं की हात वर करायचे, आणि मी थांबायचे. दरवेळी काहीतरी निघायचंच. पण चिखलणी आठ दिवसांची आणि ट्रॅक्टर बारा महिन्यांचा. शेतातून आला की चाकांच्या कण्यातला चिखल धुवायचा, ऑइल सीलमधून पाणी आत गेलंय का बघायचं, सगळीकडे ग्रीस मारायचं, सायलेन्सरच्या उभ्या नळीत पाऊस जाऊ नये म्हणून तिच्यावर नारळाची करवंटी उपडी ठेवायची. आणि मीठ तर अजून निघतंच आहे. कितीही खरवडून रंग द्या, आषाढात मडगार्डवर फोड येतात आणि आतून पांढरी भुकटी बाहेर पडते. दरवर्षी मी ती खरवडते. दरवर्षी हे बोट फिरवून विचारतात, परत आलं का. मी म्हणते, आलं.

गेल्या वर्षी चिखलणीच्या सहाव्या दिवशी मी सीटवरून उतरले ती सरळ उभी राहू शकले नाही. डॉक्टर मणक्यात गॅप आहे म्हणाले. दोन महिने पट्टा बांधून होते. झोपून राहायला मिळालं तर पुस्तकं वाचेन म्हटलं होतं, पण आढ्याकडे बघत मनात एअर काढत बसायचे.

म्हणून यंदा वैशाखात मी ह्यांना सांगितलं की ट्रॅक्टर विकू या. मुलगा मुंबईहून फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाला. हे मात्र उठून अंगणात गेले. मला त्याचा अर्थ कळत नव्हता असं नाही. सकाळी उठले की हे पायरी उतरून सात पावलं मोजतात आणि ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात ठेवतात. मग दिवस सुरू होतो. ट्रॅक्टर गेला की आठवं पाऊल कुठे टाकायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही सुचत नव्हतं. पण माझी पाठ एकच होती आणि ती संपत आली होती. दोन दिवसांनी हे म्हणाले, बघ गिऱ्हाईक. मी बघितलं.

मालगुंडकडचे एक बागायतदार रविवारी सकाळी आले. आंब्याच्या कलमांवर फवारणी करायला त्यांना असलाच छोटा ट्रॅक्टर हवा होता. माणूस सज्जन वाटला. मी चहा दिला. ह्यांच्या हातात कप देताना बोटांना डिझेलचा वास आला. मी मनावर घेतलं नाही, त्या हातांना दुसरा वास कधी होता?

मी करवंटी काढली, डिझेलचा कॉक उघडला आणि चावी फिरवली. एवढा गोड तो कधी सुरू झाला नव्हता. बागायतदारांचा चेहरा खुलला. मी मनात म्हटलं, सुटले. आणि तेवढ्यात ते अडखळणं माझ्या कानावर आलं. पाहुण्यांना अजून काहीच कळलं नव्हतं. मी डावा हात नकळत वर केला होता, हे बांधावरून करायचे तसा. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

बागायतदार ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या वायरी चाचपायला लागले. मी खाली वाकले. फिल्टरच्या खाली ओलं होतं. डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल. आदल्या संध्याकाळी तो मी स्वतः घट्ट करून फडक्याने पुसला होता. मी वळून बघितलं. हे खोक्यावर बसले होते, तोंड फणसाच्या झाडाकडे, रिकामा कप दोन्ही हातांत घट्ट धरलेला.

मला आधी संताप आला. पाहुण्यांसमोर मला तोंडघशी पाडलं म्हणून. मग तशीच वाकलेली असताना दुसरी गोष्ट ध्यानात आली. हा ट्रॅक्टर ह्यांनी नट-नट सोडवून जोडलेला. मला आठवडाभर सापडणार नाही अशा चाळीस ठिकाणी त्यांना तो अडवता आला असता, नुसत्या बोटांनी. त्यांनी निवडला तो पहिल्या दिवशी शिकवलेला स्क्रू, माझ्याकडून बारा वेळा गिरवून घेतलेला. तो मला सापडणारच हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना गिऱ्हाइकाला फसवायचं नव्हतं. तोंडाने जे म्हणता येत नव्हतं ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि पाना माझ्या हाताशी होता.

बागायतदारांनी विचारलं, काय झालं असेल. दोन मिनिटांचं काम होतं. मी सरळ झाले, कमरेवर हात ठेवला आणि सांगितलं की ट्रॅक्टर फार जुना आहे, खाऱ्या पाण्यातला आहे, आज काही तो चालायचा नाही. खरं सांगितलंत म्हणून त्यांनी माझे आभार मानले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचार बदलला तर कळवा म्हणून नंबर देऊन ते गेले.

बाहेरच्या फाटकाला, बेड्याला, आगळ लागल्याचा आवाज आला तसा मी पाना ह्यांच्या हातात दिला. तुम्हीच सैल केलात, तुम्हीच घट्ट करा, म्हटलं. हे उठले, मोजून आले, वाकले. बोटं थेट स्क्रूवर गेली. दांडी मारत राहिले. डिझेल फेसाळत बाहेर येत होतं.

"बुडबुडे गेले?" त्यांनी विचारलं.

मी स्वच्छ धार येईपर्यंत बघत राहिले. मग गेले म्हटलं. त्यांनी स्क्रू घट्ट केला, लुंगीला हात पुसला आणि पाना माझ्याकडे धरला.

"दमलीस ना गो तू."

सहा वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हो, खूप दमले. माझा आवाज अडखळला, आणि ते त्यांनी ऐकलंच.

"मग टाक विकून," ते म्हणाले. "आता नाय मी हात लावणार."

ह्या गोष्टीला तीन आठवडे झाले. ह्यांनी शब्द पाळला आहे. सकाळी सात पावलं चालत जातात, बोनेटवर हात ठेवतात, पण स्क्रूकडे बोट नेत नाहीत. बागायतदारांचा नंबर माझ्या वहीत आहे, पुस्तकांच्या यादीच्या शेजारी. मी फोन केलेला नाही. काल मडगार्डवरचा रंग पुन्हा फुगला. ह्यांनी विचारलं, परत आलं का. मी म्हटलं, आलं, आणि खरवडायला पत्रा शोधायला लागले.