तिन्ही सिनेमांत पोरगी मेली

दोन वैरी घराण्यांतल्या पोरापोरीची ती जुनी गोष्ट मला अजिबात आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईनं निष्पक्षपणे लिहिलं नाही. भंडाऱ्याच्या ज्या कॉलेजात मी नोकरी करते तिथे सिनेमावर बोलणारी मंडळी पुष्कळ आहेत. दर काही वर्षांनी त्या गोष्टीवर नवा सिनेमा निघाला की चहाच्या वेळी चर्चा सुरू होते: जुन्यात काय अभिनय होता, रंगीत आला त्यात काय सेट होते, नव्यात काय कॅमेरा आहे. मी ऐकून घेते. मग कुणीतरी विचारतं, मॅडम, तुम्हाला कोणता आवडला? मी म्हणते, ज्यात पोरगी जिवंत राहते तो. ते हसतात. मी हसत नाही, कारण असा सिनेमा कुणी काढलेला नाही आणि एका उन्हाळ्यात त्या न काढलेल्या सिनेमावर माझा जीव टांगलेला होता.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही करडीला राहत होतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. माय घरची दोन एकर धानशेती बघायची आणि रोवणीच्या दिवसांत बायांच्या टोळीबरोबर दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांतही जायची. मी भंडाऱ्याला बी.ए. करत होते. कॉलेजातला एक मुलगा मोहाडीहून एसटीत चढायचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. आम्ही छप्पन सालानंतरचे बौद्ध, ते विणकरांच्या आळीतले हिंदू. आमचं काय जुळलं, कसं जुळलं, हे मी इथे सांगणार नाही. ते आमचं आहे. आम्ही लग्न करायचं ठरवलं आणि मी बाबांना सांगितलं, एवढं पुरे.

बाबा चौदा एप्रिलला गावात भाषण करायचे. जात मोडल्याशिवाय माणूस जुडत नाही, हे वाक्य ते दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी टाळ्या घ्यायचे. मी ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. चूक केली. बाबांचं तोंड लाल झालं.

"भाषण येगळं अन पोरगी येगळी," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी कधी भाषणात म्हटलं नव्हतं.

माय सुपात तांदूळ निवडत होती. बाबा तिच्याकडे वळले. म्हणाले, तूच सांग आता हिले, दोन घराच्या वैरात पोराईचं काय होते ते. माय खडा बाजूला टाकत म्हणाली, "काय होते? त्या सिनेमातल्या पोराईचं झालंच ना चांगलं. नदीपल्याड झोपडी बांधली, धान पेरला, दोन लेकरं झाले."

बाबा आणि मी दोघंही भांडण विसरून तिच्याकडे पाहत राहिलो.

आता हे कसं घडलं ते सांगायला हवं. मायनं सिनेमा फारसा पाहिलेला नव्हता, पण तिला बरेच सिनेमे माहीत होते. रोवणी करताना बाया ओळीनं वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागे सरकतात. दिवसभर कंबर वाकलेली, पायात गुडघाभर चिखल, तोंड तेवढं मोकळं. त्यांच्या टोळीत एक काकू होती, तिची बहीण तुमसरला. काकू बहिणीकडे जाऊन सिनेमे पाहून यायची आणि बांधीत ते सांगायची. एकेक सिनेमा दोन-दोन दिवस चालायचा. कोण काय नेसलं होतं, कुणी कुणाच्या कानाखाली वाजवलं, सगळं यायचं. पण त्या टोळीचा एक नियम होता. पऱ्हे हातात असताना मेल्याची गोष्ट तोंडातून काढायची नाही. जिवंत रोप लावायचं तर बोलणंही जिवंत पाहिजे, नाही तर धान पोचट निघतो. त्यामुळे काकूच्या सिनेमांत कुणीच मरत नसे. खलनायकसुद्धा हातपाय मोडून गाव सोडून जायचा. इतर बायांनी पुढे कुठे ना कुठे खरे सिनेमे पाहिले, त्यांना फरक कळला. माझ्या मायला टीव्हीसमोर बसायला फुरसत नव्हती. ती वीस वर्षं समजून होती की दोन वैरी घराण्यांतली ती पोरगी आणि तो पोरगा नदीपल्याड सुखात आहेत.

बाबांना हे कळल्यावर राग यायचा तो आनंद झाला. त्यांना वाटलं, हिला खरा शेवट दाखवला की ही आपल्या बाजूला येईल, आणि मग पोरगी एकटी पडेल. मास्तरांचा विश्वास असतोच की समोरच्याला नीट दाखवलं की समजतं. पुढच्या बाजाराला ते मोहाडीला गेले आणि भाजीच्या पिशवीत त्या गोष्टीची सीडी घेऊन आले. आमच्याकडे भीमगीतांसाठी घेतलेला प्लेअर होता. दुपारी लाइट आली तशी बाबांनी मायला खुर्चीवर बसवलं. ती खाली उतरून भिंतीला टेकून बसली.

तो रंगीत सिनेमा होता. त्यातलं घर एवढं मोठं की बापानं हाक मारली तर पोरगी येईपर्यंत एक गाणं होऊन जायचं. पोरीच्या अंगावर दागिनेच दागिने. मायचं बोलणं सुरू झालं. "याईच्या घरी काम कोण करते? एवढं घर झाडते कोण?" बाबा म्हणाले, गप बसून पाय ना. ती गप बसली नाही. पोरगा-पोरगी बागेत गात होते तर माय म्हणाली, येवढ्या येळात दोन वाफे निंदून झाले असते. पण शेवट जवळ आला तशी ती पुढे सरकली. पोरीनं विष घेतलं. पोरगा उशिरा पोचला, त्यानंही घेतलं. दोन्ही बाप प्रेतांवर एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

बाबा शांतपणे म्हणाले, "पायलं?"

"तुमी दुसराच आणला," माय म्हणाली. "हा तो सिनेमा नोहे."

बाबांनी खूप समजावलं. नावं तीच, वैर तेच, पत्र उशिरा पोचतं तेही तेच. माय म्हणाली, नावं सारखी असतात लोकाईची. आपल्या गावात सुद्धा एका नावाचे तिघं हायेत. मला हसू आवरेना. त्या दिवसांत मी हसले ती एवढीच दुपार.

पुढच्या बाजाराला बाबा जुना काळा-पांढरा घेऊन आले. दुकानदारानं म्हणे सांगितलं की हा अस्सल. मला कबूल केलं पाहिजे, तो सिनेमा चांगला होता. पोरगी बोलायची कमी, पण ती दारातून नुसती बाहेर पाहायची तेव्हा समजायचं की हिला जायचं आहे. रंगीतवाली रडली की मेकअप दिसायचा, हिचं रडणं दिसायचं. बापाचं काम करणारा नट तर असा की त्याच्या मिशा थरथरल्या की आमचे बाबासुद्धा सावरून बसत. पण जाणकार लोक ज्याला संयम म्हणतात तो मला त्या दिवशी सहन झाला नाही. ती पोरगी कुणाला एकदाही नाही म्हणत नाही. पूर आलेल्या नदीत उतरतानासुद्धा आधी घराच्या दिशेनं नमस्कार करते. मी मोठ्यानं म्हणाले, नमस्कार कायले करते, डोंगा घे ना! पाण्यातून वर आलेला फक्त तिचा पदर दाखवला आणि सिनेमा संपला.

माय म्हणाली, "पोहली असंन. दाखवलं नाही, पण पोहली असंन."

बाबांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "नाही पोहली," ते म्हणाले.

तिसऱ्या बाजाराला बाबांना जायची इच्छा नव्हती, असं मला वाटतं. मायनंच पाठवलं. म्हणाली, अजून कोणता असंन तर आणा, मले पाहू द्या. त्यांनी नुकताच निघालेला आणला. यात वाडे नव्हते, शहर होतं. बाप लोक ठेकेदार आणि पुढारी. पोरगा फाटक्या पँटीत, पोरगी मोटारसायकल चालवणारी. ही पोरगी बोलायची. बापाला तोंडावर सांगायची की माझं आयुष्य माझं आहे. मी उठूनच बसले. वाटलं, ही सुटणार. गोळी झाडली तिच्या भावानं, स्टेशनावर, गाडी सुटायच्या वेळी. इतक्या वर्षांत पडद्यावरच्या त्या पोरीच्या तोंडी चार वाक्यं जास्त आली, पण तिचं आयुष्य एका दिवसानं वाढलं नाही. कुणी दिग्दर्शक विष देतो, कुणी पूर, कुणी गोळी. मग म्हणतात, प्रेम असंच असतं. प्रेम तसं नसतं. एकाही सिनेमात ती दोघं प्रेमानं मेलेली नाहीत, त्यांना घरच्यांनी मारलेलं आहे. आणि प्रेक्षक घरच्यांच्या रडण्यावर रडतात. आपल्या राज्य सरकारनं एका जिल्ह्याचे दोन केले, निम्मे सोयरे तिकडे गेले, तेव्हा कुणी विष घेतलं नाही. लोकांनी बसची वेळ बदलली. माणसं एरवी बरीच शहाणी असतात, लग्नाच्या वेळीच त्यांना कथा आठवते.

सिनेमा संपल्यावर बाबांनी टीव्ही बंद केला. आता मायला मान्य करावं लागणार होतं. मला भीती वाटली ती तेव्हा. बाबा विरोधात होते ते मी सोसत होते. मायही त्यांच्या बाजूला गेली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

माय म्हणाली, "तिन्ही सिनेमात मरते."

"मरते," बाबा म्हणाले.

"तिन्ही सिनेमात पोरीची माय कुठी हाय?"

बाबांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. माय म्हणाली, "पहिल्यात दाराआड उभी राहून रडते. दुसऱ्यात देव्हाऱ्यापुढून उठतच नाही. तिसऱ्यात तं मेलेलीच, तिचा फोटो हाय भितीवर. अन पोराची माय एकाही सिनेमात नाही. सारे बाप बोलून राहिले, भाऊ बोलून राहिले. अशानं मरतीलच ना पोरं."

मी ते तीनही सिनेमे डोळे उघडे ठेवून पाहिले होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

बाबा खाली बसले. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. म्हणाले, "मले जातीचं काही नाही. त्या घरात हिले कसं वागवतीन? आपल्या हातचं खातीन का? कोणी काही केलं तं मी काय करू? मले भेव वाटते."

"मले बी वाटते," माय म्हणाली. "म्हणून तं जाऊन राहिली मी मोहाडीले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली. मला म्हणाली, तूही चाल, लपून काहून राहते? विणकरांच्या आळीत मागांचा खटखट आवाज चालू होता. त्याचे वडील मागावर होते. आई ओसरीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. आम्हाला बघून तिला कळलंच आम्ही कोण. बसा म्हणाली नाही. माय स्वतःच ओसरीच्या पायरीवर बसली.

"मी पोरीची माय," ती म्हणाली. "भांडाले नाही आली, हात जोडाले बी नाही आली. तुमाले लगन मंजूर असंन तं चांगलं, नसंन तं आमी करडीले लावून देऊ. पण माही पोरगी मरणार नाही अन तुमचं पोरगं बी मरणार नाही. येवढंच सांगाले आली."

त्याचे वडील मागावरून न उठता म्हणाले, "आळीत तोंड दाखवाले जागा राहणार नाही आमाले."

माय त्यांच्याशी बोललीच नाही. ती त्याच्या आईकडे पाहत होती. "बाई," ती म्हणाली, "तुमी सांगा. तुमीच सांगा."

त्याच्या आईचा चरखा केव्हाच थांबला होता. तिनं आमच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि परत चरख्याला हात घातला. आम्ही उठलो. परतीच्या एसटीत माय खिडकीला डोकं लावून बसली. मी म्हणाले, जमलं नाही. ती म्हणाली, इचारलं तं कोणीतरी.

लग्न करडीच्या विहारात झालं. बाबांनी भाषण केलं नाही. पाहुण्यांना पाणी वाढत फिरले. त्याच्या घरचं कुणी येणार नाही हे ठरलेलंच होतं, म्हणून त्याच्या बाजूची सतरंजी रिकामी सोडली होती. त्रिशरण म्हणायला सगळे उभे राहिले तेव्हा दाराशी हालचाल झाली. त्याची आई आली होती, एकटी, घरच्या मागावर विणलेलं लुगडं नेसून. त्या रिकाम्या सतरंजीवर ती गेली नाही. सरळ पुढे आली आणि माझ्या मायच्या बाजूला उभी राहिली.