सर मागच्या दाराने यायचे

दिवाकर मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मारेगावच्या राहत्या घरी वारला. हृदयविकाराचा झटका आला होता. वय सत्तेचाळीस. मागे पत्नी वंदना आणि दोन मुली आहेत, चौदा वर्षांची तनू आणि नऊ वर्षांची पिहू. यवतमाळला वर्तमानपत्राच्या कचेरीत माझ्या टेबलावर फोन आला तो त्याच्या थोरल्या भावाचा. "दिवा गेला," एवढंच म्हणाले.

तो माझा शाळेतला मित्र. संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणित शिकवायचा. दिवसा स्वतःच्या मुलींना, घरीच. वंदना सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्या पगारावर आणि त्याच्या शिकवणीवर घर चालायचं. तनू दुसरीत असताना अडखळत बोलायची. वर्गात तिचं वाचन सुरू झालं की मुलं शब्द तिच्या आधी पुरा करायची. काही महिन्यांनी तिने शाळेत बोलणंच बंद केलं. तेव्हा त्याने तिला काढून घरी आणलं. पिहू तर शाळेत गेलीच नाही. घरात एक नियम होता. तनूचा शब्द कोणी पुरा करायचा नाही, कितीही वेळ लागो.

दुसरी एक पद्धत होती, ती मारेगावात चेष्टेचा विषय होती. रोज सकाळी दिवाकर इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून पुढच्या दाराने बाहेर पडायचा. हातपंपाजवळून, कडुनिंबाखालून घराला वळसा घालायचा आणि मागच्या दाराने टिनाच्या खोलीत शिरायचा. पुढच्या दारापर्यंत तो बाबा, मागच्या दारापासून सर. मुली उभ्या राहायच्या. तो दोघींना "बसा" म्हणायचा, बहुवचनात. शेजारचे किराणा दुकानदार रशीदभाई त्याला हातपंपाशी गाठायचे.

"काहो सर, आज हजेरी किती?"

"दोन. पूर्ण."

"अन् हेडमास्तर?"

"थ्या दवाखान्यात ड्युटीवर हायेत."

"मंग तुमच्यावर लक्ष कोन ठेवते?"

"पोरीच ठेवतेत ना, भाई."

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी वणीहून परतत होतो. सकाळीच आभाळ काळं झालेलं पाहून त्याच्या दारात मोटारसायकल लावली, आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या होत्या. टिनावर असा आवाज होता की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळेना. दिवाकर शर्ट घालून पुढच्या दारात उभा होता. वळसा घालणं शक्य नव्हतं. अर्ध्या तासाने आवाज थांबला तेव्हा अंगण पांढरं झालं होतं आणि समोरच्या वावरातला काढणीला आलेला हरभरा जमिनीला चिकटला होता. रस्त्यावरून शाळा सुटल्याची बातमी आली. पिहूने विचारलं, "बाबा, आपली शाळा काहून सुटत नाई कधी?" घरच्या शाळेला तोवर पावसाची सुट्टी कधी मिळाली नव्हती. दिवाकर म्हणाला, घरातल्या घरात आहोत, आतून जाऊ. तेव्हा तनू बोलायला लागली. "स… सर…" पुढचा शब्द अडकला. मी तो पुरा करणार इतक्यात दिवाकरने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही सगळे थांबलो. "सर आलेच नाईत. मंग शाळा क… कायची?"

त्याने खिशाचं पेन काढून कोनाड्यात ठेवलं.

त्या दिवशी त्या घरात काहीही झालं नाही. वीज नव्हती. पिहूने पितळी गंजात गारा भरल्या आणि त्या विरघळेपर्यंत त्यांच्यापाशी बसून राहिली. तनूने भुईमुगाच्या शेंगा उकडल्या. दिवाकर चादर पांघरून खुर्चीत झोपला. फार दिवसांनी झोपल्यासारखा दिसत होता. सकाळी घर, दुपारी घर, संध्याकाळी शिकवणी… त्याला सुट्टी कोण देणार होतं? मला गारपिटीची बातमी पाठवायची होती. फोनला रेंज नव्हती, म्हणून मीही शेंगा खात बसलो. जाग आल्यावर तो इतकंच म्हणाला, "थकलो ना गड्या. पन आता तनू एक पुरं वाक्य बोलते. ऐकलं ना तू?"

तेराव्याला मुलींच्या शाळेचा प्रश्न निघालाच. थोरले भाऊ म्हणाले, "वंदना, आता पोरीयले शाळेत घाल. तुले ड्युटी, घरी शिकवीन कोन?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तनू खाली पाहत होती. वंदना म्हणाली, "जून येऊ द्या, दादा." पुढे तिने शाळेत जाऊन दोघींच्या प्रवेशाचं विचारून ठेवलं. तनूला विचारलं तेव्हा तनू काही बोलली नाही. सगळ्यांनी तो होकार धरला.

शाळा उघडल्या त्या सोमवारी मी गाडी घेऊन मारेगावला गेलो. तिघींना शाळेत सोडायचं ठरलं होतं. वंदना खांद्याला पर्स लावून तयार होती. पिहू मागच्या खोलीत केस विंचरत होती. तनू दिसत नव्हती. वंदनाने हाक मारली. मी पुढच्या दारात गेलो तेव्हा तनू हातपंपाच्या पुढे गेली होती. अंगावर इस्त्रीचा कुर्ता होता, खिसा नव्हता म्हणून पेन हातात होतं. रशीदभाई दुकानाबाहेर उभे होते. त्यांनी हजेरी विचारली नाही. ती कडुनिंबाखालून वळली. वंदना आणि मी घरातून मागच्या टिनाच्या खोलीशी पोचलो तेव्हा तिने बाहेरून मागचं दार उघडलं.

पिहू कंगवा टाकून उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मॅडम."

वंदनाने पर्स खांद्यावरून काढून खुंटीला अडकवली.

"ब…" तनू म्हणाली, आणि थांबली. कोणी शब्द पुरा केला नाही. तिला "बसा" म्हणायला वेळ लागला. तोवर पिहू उभी होती.